धोट्याचे जादा तास

४ डिसेंबर, बुधवार

आज वीस वेळा घंटी वाजवली. धोट्या सहा वेळा आईंकडे गेला, चार वेळा माझ्याकडे आला, उरलेल्या दहा वेळा जागचा हलला नाही. वर जांभया! माझ्या सातवीच्या मुली शेवटच्या तासाला देतात तशा, जबडा पार फाकवून. सुबोध म्हणाला, "तुझं शिकवणं पोचलं त्याच्यापर्यंत." मी हसले नाही. हसायला हवं होतं.

सगळं एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला स्वतःला फसवता यायचं नाही.

सासूबाईंना, आईंना, आता जवळजवळ ऐकू येत नाही. मी शाळेत, सुबोध ऑफिसात. अकरा ते साडेपाच त्या घरात एकट्या. सप्टेंबरात कुकरमधलं पाणी आटलं, शिट्ट्या होऊन होऊन शेवटी झाकणाचा व्हॉल्व्ह उडाला, डाळ छताला. आई पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होत्या. शेजारच्यांनी येऊन गॅस बंद केला. कानाचं मशीन त्या घालत नाहीत - "कुकरपेक्षा त्याचीच शिट्टी जास्त की गं!" सुबोधने घंटीला दिवा जोडून दिला. दिवा लागतो तेव्हा आईंची पाठ असते.

मोठे दीर, गंगाधरभाऊजी, पुण्याला असतात. ते म्हणाले, आईला मी घेऊन जातो. आईंना जायचं नाही. मग मीच मध्ये पडले. मोबाईलवर पाहिलं होतं, काही ठिकाणी कुत्री बहिऱ्या माणसांना नाकाने शिवून सांगतात, दार वाजलं, भांडं करपलं. आपल्याकडे धोट्या आहेच! एमआयडीसीत एका कारखान्यामागे यंत्रमागांच्या खडखडाटात जन्मलेलं पिल्लू, आता दीड वर्षाचा. मागावर धोटा इकडून तिकडे पळतो तसा अंगणात पळतो म्हणून आईंनी नाव ठेवलेलं. ठरलं असं - महाशिवरात्रीपर्यंत धोट्याने घंटी आणि शिट्टी आईंना सांगायला शिकायचं. नाही शिकला तर आई पुण्याला.

कल्पना माझी. मुदत मी मागितलेली. म्हणजे जबाबदारी माझीच.

७ डिसेंबर, शनिवार

जादा तास सुरू केले. सकाळी सहाला दहा घंट्या, संध्याकाळी पंधरा. दहावीच्या मुलींचे घेते तसेच. सरावाने सगळं येतं, हे बावीस वर्षं फळ्यासमोर उभी राहून सांगत आले आहे. मुलींना येतं, त्याला का येऊ नये?

११ डिसेंबर, बुधवार

पंधरापैकी नऊ! शिवला की पनीरचा तुकडा. सारखे ओठ चाटत होता. भूक लागत असणार. उद्यापासून तुकडा मोठा करते.

१३ डिसेंबर, शुक्रवार

नऊवरून पाच. मन लावत नाही. घंटी वाजली की तोंड भिंतीकडे करतो, मधूनच अंग असं झटकतो जणू आत्ताच आंघोळ घातलीय. मी घंटीचं बटण दाबून दाबून अंगठा लाल केला. आई म्हणाल्या, "आज राहू दे गं त्याला." मी हातानेच खूण केली - अजून पाच.

अजून पाच. हे दोन शब्द मी दिवसाला किती वेळा म्हणते?

१५ डिसेंबर, रविवार

टाळणार नाही, लिहिणार.

धोट्या आईंना चावला.

सकाळची अकरावी घंटी, ठरलेल्या दहांच्या वर. तो कॉटखाली जायला निघाला. मी पट्ट्याला धरून ओढत आईंच्या गुडघ्यापर्यंत नेलं. "शिव. शिव ना!" आईंनी त्याला गोंजारायला हात पुढे केला आणि त्याने मनगट धरलं. क्षणभरच. लगेच सोडलं. स्वतःच इतका घाबरला की कोपऱ्यात जाऊन मुतला. त्याआधी गुरगुरला होता. मला ऐकू आलं होतं. आईंना आलं नव्हतं. मी ऐकून ओढला!

नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं. दोन दातांच्या खुणा, एकीतून जरासं रक्त. धोट्याच्या लसी झालेल्या आहेत, तरी डॉक्टरांकडे नेऊन इंजेक्शन सुरू केलं. रिक्षात आई मोठमोठ्याने म्हणत होत्या (त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही), "त्याला मारू नको हं! मारलंस तर बघ!" रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, नवऱ्याबद्दल चाललंय.

मी मारलं नाही. पण जे केलं ते मारण्यापेक्षा कमी होतं का?

१७ डिसेंबर, मंगळवार

भाऊजींचा व्हिडिओ कॉल. आईंनी बांगड्या पुढे ओढल्या, वरून पदर घेतला. "सगळं छान चाललंय रे!" बांगड्यांखाली पट्टी. मी शेजारी बसलेली. खोटं मी बोलले नाही. कुणी विचारलंच नाही. पण हेही खोटंच.

आईंनी फोन ठेवला आणि मला डोळा मारला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत!

२२ डिसेंबर, रविवार

सुबोधच्या ऑफिसातल्या ड्रायव्हरने एक नाव दिलं होतं - चनमल्लप्पा. पोलिसांच्या श्वानपथकात होते, निवृत्त. मूळ मैंदर्गीचे, आता कुंभारीला मुलाकडे राहतात. आज आले. पांढऱ्या मिशा, पायात शाळकरी मुलांचे असतात तसे कॅनव्हासचे बूट.

मला वाटलं, आल्या आल्या धोट्याला बसवतील, उठवतील. त्यांनी खुर्ची मागितली. अर्धा तास नुसते बसले. चहा प्यायले. धोट्याकडे थेट बघितलंसुद्धा नाही. मी वही घेऊन उभी, किती घंट्या, किती बरोबर, किती चूक, सगळा तक्ता. तो त्यांनी बाजूला ठेवला.

"म्याडम, आता एकदा घंटी वाजवा. एकदाच."

वाजवली. धोट्याने जांभई दिली.

"हे काय हाय?"

"कंटाळा," मी म्हणाले.

"न्हाय. दम लागलाय त्येला. मनाचा." मग बोटांवर मोजत सांगितलं - ओठ चाटणं भूक नव्हे. तोंड फिरवणं उद्धटपणा नव्हे. अंग कोरडं असताना झटकणं, डोळ्याचं पांढरं दिसणं, उगाच खाजवत बसणं. "तोंडानं बोलत न्हाय त्ये, अंगानं बोलतंय. आदी हळू बोलतं. तुमी ऐकलं न्हाय की जरा मोट्यानं. मग गुरगुरतं. त्येबी ऐकलं न्हाय की मग दात. चावलं न्हाय त्ये, म्याडम - ओरडलं."

मी खाली बघत होते. अकरा दिवस तो मला सांगत होता. मी तक्त्यात चूक-बरोबर लिहीत होते.

"आन् खायला काय देता?"

"पनीर. उकडलेलं रताळं. आमच्याकडे अंडंही येत नाही."

"शाकारी पोलीस!" असे हसले की धोट्याने शेपटी हलवली. जादा तास सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

मग आईंकडे वळले. आई मूळच्या अक्कलकोटच्या, कानडी त्यांना येतं, पण ऐकूच येत नाही तर कुठल्या भाषेचं काय! त्यांनी पाटीवर लिहिल्यासारखं हवेत बोट फिरवून, हातवारे करून, ओठ सावकाश हलवून सांगितलं. मला म्हणाले, "आज्जीला ऐकू येत न्हाय, हे लई झकास."

"झकास?"

"तुमाला घंटी ऐकू येती, तुमचं ध्यान घंटीकडं. आज्जीचं ध्यान कुत्र्याकडं ऱ्हाईल. तुमी वाजवायचं, आज्जीनं बगायचं. दोन खुणा दिसल्या की आज्जीनं 'साकु' म्हनायचं. की बंद. वाद न्हाय."

साकु म्हणजे कानडीत पुरे. आईंनी ते ओठांवरून बरोबर ओळखलं आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साकु!" धोट्या कॉटखाली पळाला. सगळे हसलो. मग आईंनी ठरवलं, नुसता हात वर करायचा.

दिवसाला फक्त पाच घंट्या. दोन आठवडे पट्टा नाही, ओढणं नाही. त्याने शिवलं तर पनीर, नाही शिवलं तरी काही नाही.

जाताना मी म्हणाले, "मुदत कमी आहे हो." ते बूट घालत होते. "ती तुमची मुदत हाय. त्येला कुनी सांगितली न्हाय."

२३ डिसेंबर, सोमवार

दोन घंट्या. आईंचा हात वर. संपलं. मला अपुरं अपुरं वाटत राहिलं, जशी भाजी निवडायची राहून गेलीय.

३० डिसेंबर, सोमवार

आईंनी जुनं शिलाई मशीन काढलं, उशांचे अभ्रे शिवायला घेतले. पायाने चालवायचं मशीन, खडखड करतं. धोट्या त्याच्या शेजारी जाऊन ताणून झोपला! पोट वर! आम्ही तो आला की टीव्हीसुद्धा बंद करत होतो, शांतता हवी म्हणून. त्याला जन्मापासून मागांचा आवाज. शांततेचीच भीती वाटत असेल त्याला.

आता आई रोज दुपारी मशीनवर बसतात. अभ्रे संपले, आता काय काय शिवताहेत. सुबोधच्या जुन्या शर्टांच्या पिशव्या, माझ्या ओढणीच्या पिशव्या. गल्लीत प्रत्येकीकडे एक पिशवी गेली. धोट्या त्यांच्या पायाशी. दिवसभर त्या त्याच्याकडे बघतात आणि मला संध्याकाळी अहवाल देतात, "आज दूधवाला आला तेव्हा ओठ नाही चाटले. गाडीचा हॉर्न वाजला असणार, एकदा अंग झटकलं."

या बाईंबद्दल मी कधी देवाचे आभार मानलेत का? सासू म्हणून नमस्कार केलेत. ते वेगळं.

४ जानेवारी, शनिवार

पाचपैकी चार! स्वतःहून चालत गेला, नाक गुडघ्याला. हात वर झाला नाही. कुकरची शिट्टी मात्र अजून लांबूनच. स्वयंपाकघराच्या दाराच्या आत तो येत नाही, अंगणातून ऐकली तर चालते. चनमल्लप्पा फोनवर म्हणाले, "आंगनात चालतंय ना? मग आंगनातनंच. त्येच्या पायाला जितं बरं वाटतंय तितनंच काम."

१० जानेवारी, शुक्रवार

दहावी 'ब'मधली पिंकी मागच्या बाकावर सारखी जांभया देते. वर्षभर तिला मी उभं करत आलेय. आज फळ्याकडून वळले, ती जांभई देत होती आणि एकीकडे ओठ चावत होती. समोर प्रमेय. या वेळी उभं केलं नाही. तास संपल्यावर जवळ बोलावलं. "झोप होत नाही का गं?" म्हणाली, "होती की बाई. भूमिती सुरू झाली की पोटात गोळा येतो."

वर्षभर उभं केलं मी तिला. पायावर उभं राहून गोळा जातो का?

उद्यापासून तिला एकच प्रमेय. पुढची पाच नाहीत. तिने "थँक्यू बाई" म्हटलं तेव्हा मला मान वर करवेना.

१६ जानेवारी, गुरुवार

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, आज होम मैदानावर दारूकाम, तासभर फटाके. एरवी आम्ही गच्चीवरून बघतो. या वर्षी मी बाथरूममध्ये, धोट्याला मांडीवर घेऊन. नळ सोडून ठेवला, आवाजावर आवाज. आईंनी मशीन बाथरूमच्या दाराबाहेर आणून चालवलं, सुई न लावता, कापड न घेता, नुसतं पाय मारत. घामाघूम झाल्या. सुबोध गच्चीवरून एकटाच उतरला, म्हणाला, "यंदा नंबर एक होतं." आम्हा दोघींकडे बघून पुढचं गिळलं आणि आईंना उठवून स्वतः पाय मारायला बसला.

१७ जानेवारी, शुक्रवार

चनमल्लप्पांना फोन. "घागर भरली त्येची. ती एका रात्रीत रिकामी होत न्हाय. चार-पाच दिवस घंटी नगं, शिट्टी नगं. नुसतं फिरवा, वास घिऊ द्या."

चार-पाच दिवस! मुदतीला सव्वा महिना राहिलाय.

२० जानेवारी, सोमवार

संध्याकाळी आई शेजारणीबरोबर सिद्धेश्वराला गेल्या. मी एकटी. धोट्या बरा वाटत होता. (वाटत होता - कुणाला? मला. बघणाऱ्या तर देवळात.)

मोबाईलवर शिट्टी रेकॉर्ड केलेली होती. वाजवली. आधी हळू. मग थोडी मोठ्याने. आठ वेळा. तो तोंड फिरवत होता, मी ते बघितलं आणि वाजवली. मला माहीत होतं आणि वाजवली! आता तर अज्ञानाचं कारणही नाही.

आई यायच्या आत मोबाईल ठेवून दिला, चोरासारखा.

२२ जानेवारी, बुधवार

दोन दिवस धोट्या जेवला नाही. कॉटखाली. कुणाचाही फोन वाजला तरी थरथरतो.

आईंना सांगून टाकलं. त्यांच्यासाठी ठेवलेल्या पाटीवर लिहून - समोरासमोर ओठ हलवायची हिंमत नव्हती. त्यांनी वाचलं, पुसलं. "मला सोमवारीच कळलं होतं. मी आले तेव्हा तो तुझ्याकडे बघत नव्हता." कॉटखाली वाकून त्याला बघितलं. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी केलंस, ते कळतंय मला. पण माझ्या नावावर त्याला छळू नको."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून चनमल्लप्पा थेट आले. इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदक. मी सगळं सांगितलं. वाटलं, उठून जातील. खाली फरशीवर बसले, कॉटपासून चार हातांवर, पाठ करून. धोट्याकडे बघेनात. बोलत राहिले.

त्यांच्याकडे एक कुत्री होती, राणी. एका मोठ्या बंदोबस्ताला सकाळपासून शोधकाम. दुपारी ती जांभया द्यायला लागली. "मला ठावं होतं, म्याडम. पन सायेब म्हनले, अजून तेवडी दोन दालनं. मी म्हनलं, चल राणी, दोनच." संध्याकाळपर्यंत तिने काम केलं. शोधलंही काहीतरी. दुसऱ्या दिवशी मैदानावर नेली तर जमिनीवर पसरली. उठली नाही. परत कधीच वास घेतला नाही तिने कामाचा. "त्याच कामाला हे मिळालं," छातीवरच्या पदकाला बोट लावून. "मला मेडल. तिनं नोकरी सोडली." नंतर घरी घेऊन आले तिला, सात वर्षं सांभाळली. "रोज माफी मागायचो. ती रोज शेपटी हलवायची. लई वंगाळ वाटायचं."

इतक्यात मागून धोट्या सरपटत आला आणि त्यांच्या बुटाची नाडी हुंगली. ते हलले नाहीत. मीही नाही. आईंनी डोळे पुसले; त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, त्या नुसत्या बघत होत्या.

चूक झाल्यावर जवळ येऊन बसणारं माणूस मिळणं, यापेक्षा जास्त काय मागायचं?

२ फेब्रुवारी, रविवार

धोट्या जेवतो, फिरतो, मशीनशेजारी झोपतो. घंटी आता सहन होते. पण शिवत नाही. बसल्या जागी कान हलवतो, बघतो, परत मान टाकतो. पाचपैकी एक, कधी शून्य. चनमल्लप्पा म्हणाले, येईल परत, सहा महिने धरा. आपल्याकडे तीन आठवडे.

मी सुबोधला सांगितलं, मी त्याला आता ढकलणार नाही. नापास होऊ दे. सुबोधने विचारलं, "आणि आई?" एका जिवाला वाचवायचं म्हणून दुसऱ्याला घराबाहेर काढतेय का मी? पण आई स्वतःच म्हणाल्या होत्या, माझ्या नावावर नको.

वहीतला तक्ता आजपासून बंद.

९ फेब्रुवारी, रविवार

भाऊजींना फोन केला. आधी चावल्याचं सांगितलं, मग कुत्रा तयार नाही हेही. सगळं. मला वाटलं, संतापतील. ते म्हणाले, "चावलं म्हणून नाही गं. ऑफिसात फोन वाजला की मला आधी सिलेंडरच दिसतो. आमच्या सोसायटीत एक आजी गेल्या तशा." मी इतके दिवस त्यांना आईंना नेणारा माणूस समजत होते. घाबरलेला मुलगा समजले नव्हते. त्यांच्याही खुणा मी चुकीच्याच वाचल्या.

तेवीसला येतो म्हणाले. बघतो आणि घेऊन जातो.

आईंना लिहून दाखवलं. "बरं," म्हणाल्या आणि मशीनमध्ये दोरा ओवायला लागल्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

माळ्यावरून आईंची बॅग काढली. त्यांनी ती परत माळ्यावर ठेवायला लावली.

२३ फेब्रुवारी, रविवार

जसं झालं तसं लिहिते. मला अजून नीट अर्थ लागलेला नाही.

भाऊजी सकाळी अकराला आले. आईंच्या पाया पडले, मनगट उलटं करून खूण बघितली. धोट्या मशीनशेजारी पडलेला. शेपटी दोनदा आपटली, उठला नाही. मी म्हणाले, "भाऊजी, त्याला जबरदस्ती करायची नाही. एकदा वाजवा. नाही आला तर नाही." त्यांनी मान हलवली. बाहेर गेले. दार लावलं.

आई पाठमोऱ्या, गुडघ्यावर कापड. दिवा त्यांच्या मागे.

घंटी. धोट्या हलला नाही. डावा कान तेवढा उभा झाला. मी डोळे मिटले, संपलं. उघडले तर आई उठत होत्या. हातातला दोरा दाताने तोडला, चष्मा कपाळावर सारला, गेल्या आणि दार उघडलं. "ये की रे. स्वतःच्या घराची घंटी काय वाजवतोस?"

भाऊजी म्हणाले, योगायोग. आईला माहीत होतंच, मी बाहेर आहे ते. बरोबरच. मग कुकर. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत. आईंनी मशीन अंगणाच्या दाराशी ओढून घेतलं, धोट्या अंगणात सावलीला. पहिली शिट्टी - आई शिवताहेत. दुसरी. तिसरीला उठल्या, आत गेल्या, गॅस बंद. भात मऊ, सुटासुटा.

भाऊजींनी त्यांच्या कानांत वाकून बघितलं, खरंच! कानाचं मशीन घातलंय का म्हणून. मशीन कपाटात, डबीत. मग खिशात फोन वाजला त्यांचा. ते काढायच्या आत आई म्हणाल्या, "घे बाबा, सुनेचा असेल."

"आई, तुला ऐकू येतं?"

"आधी जेवून घे."

जेवताना भाऊजी आईंकडेच बघत होते. सुबोध दोनदा हसला, कारण नसताना. चारच्या गाडीने भाऊजी गेले. एकटे. दारात मला म्हणाले, "काय केलंत ते मला कळलं नाही. पण झोप लागेल आता." मी म्हणाले, मलाही कळलं नाही. ते थट्टा समजले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पाटी घेऊन आईंसमोर बसले. लिहिलं - कसं?

त्या म्हणाल्या, महिना होत आला. घंटीला त्याचा डावा कान. शिट्टीला दोन्ही मागे, आणि मान अंगणाकडे. फोनला ज्याच्याकडे फोन त्याच्याकडे बघतो. दूधवाल्याला नुसतं शेपटीचं टोक. झोपेतसुद्धा हलतात कान. आणि तो समोर नसेल तर त्या गॅस पेटवत नाहीत; हा नियमही त्यांनी स्वतःच केला, कुणाला न विचारता.

"मग सांगितलं का नाही?" - खडूने, घाईघाईने.

"तू त्याला शिकवत होतीस ना. वाटलं, तुझा हिरमोड होईल." पाटी माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली. "अगं, तो येऊन शिवेपर्यंत कोण थांबतंय? तो त्याआधीच सांगतो, कानांनी. तुम्ही मला बघायला बसवलंत. शिकले की मीच."